पाय लागला म्हणून

प्रिय बाबा,

तुम्ही शेजारच्या खोलीत नवा पाय काढून ठेवून झोपलाय आणि मी हे लिहितेय. तुम्हाला देणार नाही. "कौतुक कसलं करतेस!" म्हणून ओरडाल.

कारगिलला पाय गेल्यावर तुम्ही आईच्या उपवासाचं सैंधव मीठसुद्धा घराबाहेर काढलंत, कारण ते पाकिस्तानातून येतं. म्हणूनच आज इथे इंग्लंडात, स्लाऊच्या आमच्या क्लिनिकमध्ये तुम्हाला नेताना मी एक गोष्ट लपवली. आमच्याकडे पाय बसवणारे सज्जादभाई एके काळी तिकडच्या फौजेत होते.

त्यांनीच सांगून टाकलं. तुमच्यासमोर गुडघे टेकून पट्टा आवळताना म्हणाले, "सूबेदार साहब, मैं भी उन्हीं पहाड़ों में था. उस तरफ़."

तुम्ही उठलात, चार पावलं चालून आलात. परत बसताना नवा पाय त्यांच्या खांद्याला लागला. लगेच वाकून तुम्ही त्यांच्या खांद्याला हात लावलात आणि तो कपाळाला नेलात. कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे लहानपणी आम्हाला धपाटे घालून शिकवलंत, अगदी तसा.

सज्जादभाई गडबडले. "अरे साहब, ये तो प्लास्टिक है!"

"पैर तो मेरा है," तुम्ही म्हणालात.

घरी आल्यावर आईला फोनवर सांगितलंत, "पाय झकास बसलाय. माणूस हुशार आहे."

"कुठला हो तो?" आईने विचारलं.

तुम्ही नव्या पायाचा पट्टा चाचपलात.

"आमच्या डोंगरावरचा."

तुमच्याकडून अजून शिकत असलेली,
वरदा