ओकेचे चौदा प्रकार

३ जून
रिटायर व्हायला सत्तावीस दिवस. आजपासून रोज लिहायचं. संकल्प तीन. एक, रोजनिशी. दोन, स्वयंपाकघरातला गळका नळ. तीन, मुलीला निरोप समारंभाला आणणं. तिसरा सगळ्यात सोपा, म्हणून आधी घेतला.

सकाळी मेसेज केला : तीस तारखेला चार वाजता कार्यक्रम आहे, दोन दिवस आधीच ये. अकरा मिनिटांत उत्तर. ओके.

बायकोला म्हटलं, येतेय. ती म्हणाली, ओके म्हणजे वाचलं, एवढंच.

हिला या शब्दाचा काय अनुभव? मी एकतीस वर्षं नळांच्या कारखान्यात तपासनीस आहे. नळ पाण्याला लावायचा, गळला नाही की ओकेची चिठ्ठी बांधायची. माझ्या ओकेनंतर त्या नळाकडे कोणी ढुंकून बघत नाही. ओके म्हणजे विषय संपला. ती येतेय.

५ जून
तरी विचारून ठेवलं, गाडी कोणती? उत्तर : ओके.

डबा खाताना यावर विचार केला. गाडी बघते, ठरलं की कळवते, असा अर्थ दिसतो. कमी बोलायची सवय माझीच उचलली आहे. खाण तशी माती.

जानेवारीपासूनचे तिचे मेसेज मोजले. एकशे बारा ओके. एक ‘हो गं’, तो आईला जायचा तो चुकून मला आला होता. माझा फोन उचलत नाही. कामात असते.

८ जून
ओकेची वही घातली. समास आखले. दोन्ही अक्षरं मोठी : आदर. दोन्ही छोटी : घाई. नुसता के : बहुधा लिफ्टमध्ये असावी. पुढे पूर्णविराम : थोडा राग, पण निवळण्यासारखा. पूर्ण स्पेलिंग, चारही अक्षरं : माया. हा प्रकार फेब्रुवारीत एकदाच आला. अंगठ्याचं चित्र : हाही ओकेच, हात भरलेले असताना.

एकूण चौदा प्रकार निघाले. एवढा बारकाईने विचार करणारा बाप शोधून सापडायचा नाही.

बायको म्हणाली, नळाचं बघा. म्हटलं, महत्त्वाचं काम चाललंय.

११ जून
माझ्याकडून काही चुकलं का, हेही तपासलं. काही नाही. गेल्या वर्षी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. मला ते हिच्याकडून कळलं. तेव्हापासून मी तिच्याजवळ त्या विषयावर एक शब्द काढलेला नाही. खपली काढू नये. दुसरा बाप असता तर प्रश्न विचारून विचारून पोरीला भंडावून सोडलं असतं.

१४ जून
प्रयोग. सकाळी नऊ वाजता मेसेज : तुझ्या आईची तब्येत जरा... (टिंबं तीन.)

एका मिनिटात फोन वाजला. माझा नाही, हिचा. ही इस्त्री करत होती. चांगली ठणठणीत. माय-लेकी पन्नास मिनिटं बोलल्या. मध्ये दोनदा हसल्या. मी दाराशी उभा होतो. फोन माझ्याकडे आला नाही.

वहीत नोंद : तीन टिंबांनी संपर्क होतो. प्रयोग यशस्वी.

१६ जून
बायको बोलत नाही. म्हणजे बोलते, पण एकच शब्द. जेवायला वाढ म्हटलं, ओके. चष्मा कुठाय म्हटलं, ओके. बाहेर जाऊन येतो म्हटलं, ओके. जन्मात हा शब्द तोंडात नव्हता तिच्या. हे कोणत्या प्रकारात बसतं ते ठरेना. पंधरावा करावा लागणार.

आज दिवसभर फार एकटं वाटलं.

१७ जून
बायको बोलली. म्हणाली, नळ.

२० जून
माझ्या जागी असेम्ब्लीतल्या बाई येणार. आज त्यांना काम शिकवलं. त्या एकेक नळ पाण्याला लावतात, कान देऊन ऐकतात, मग चिठ्ठी. अशाने संध्याकाळपर्यंत दोन पेट्या व्हायच्या. म्हटलं, बाई, हात बसला की बघावं लागत नाही. मी सकाळीच पाच पेट्यांच्या चिठ्ठ्या लिहून ठेवतो. त्या म्हणाल्या, आणि गळला तर? म्हटलं, माझा कधी गळला नाही.

घरी येऊन हे अभिमानाने सांगितलं. हिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. नळाला माझी चिठ्ठी अजून बांधलेली आहे. खाली बादली.

२५ जून
साहेबांना सांगून पहिल्या रांगेत कडेची खुर्ची राखून ठेवली. भाषण लिहिलं. त्यात एक वाक्य घातलं : माझी लेक समोर बसली आहे, तिला विचारा मी माणूस कसा आहे. आरशासमोर ते तीनदा म्हणून पाहिलं.

मुलीला मेसेज : तुझी खुर्ची राखून ठेवली आहे. उत्तर : के. लिफ्टमध्ये असावी.

२८ जून
आली नाही. ‘दोन दिवस आधी’ हे मी मोघमच लिहिलं होतं.

२९ जून
ये ना गं, असा मेसेज केला. उत्तर नाही. ओकेसुद्धा नाही. दर पाच मिनिटांनी फोन बघितला. ही म्हणाली, विचारा स्वतःला. काय विचारू? सगळं तपासून झालंय.

३० जून
हार, शाल, घड्याळ. भाषणाला उभा राहिलो. कागद हातात होता, वाचत गेलो, आणि ते वाक्यही वाचून गेलो. माझी लेक समोर बसली आहे. सगळ्यांनी वळून पाहिलं. खुर्चीवर हिची पर्स होती.

बायकोने पर्स उचलून मांडीवर घेतली. साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

१ जुलै
सकाळी हिला म्हटलं, माझं एक उत्तर राहिलेलं दाखव. पोरीच्या प्रत्येक मेसेजला मी उत्तर दिलंय. पुरावा म्हणून फोनवर मागे मागे गेलो. गेल्या वर्षीच्या अकरा ऑक्टोबरपाशी थांबलो.

चाळीसेक ओळी. बाबा, जरा मोठं लिहितेय. लग्न मोडलं. आईला अजून सांगितलं नाही, तिला सहन होणार नाही. आधी तुम्हाला सांगतेय. झोप लागत नाही. शेवटची ओळ : बाबा, माझं काही चुकलं का?

खाली माझं उत्तर. ओके. दोन्ही अक्षरं मोठी.

तिचा मेसेज अकरा चाळीसचा. माझं उत्तरही अकरा चाळीसचं. त्या वेळेला मी पेट्यांवर असतो. ओके फोनमध्ये तयारच असतं, बोट लावलं की जातं.

हिला दाखवलं. हिने बघितलंही नाही. म्हणाली, मला केव्हाच दाखवलंय तिने.

चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी पाठवलं : तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. तेव्हा वाचलंच नव्हतं, आज वाचलं.

वीस मिनिटांनी उत्तर आलं. ओके. दोन्ही अक्षरं छोटी.

वही उघडली आणि मिटली. ही म्हणते त्याप्रमाणे, पोरीच्या ओकेचा अर्थ वाचलं एवढा तरी आहे. माझ्या ओकेला तेवढाही नव्हता.

बादली भरली होती. ओतून आलो. मग नळ सोडवायला घेतला. आधी चिठ्ठी काढली.