घराला जोडपं लागतं

३ फेब्रुवारी, मंगळवार

संचालकबाईंनी ऑफिसात बोलावलं. आधी चहा दिला – म्हणजे बातमी वाईट. मग मिशनच्या अनाथाश्रमाची नियमावली माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘प्रत्येक घराला आई आणि वडील, दोघेही असावेत.’ बोट ठेवायची गरज नव्हती. या देशात आले तेव्हा इथलं एक अक्षर येत नव्हतं, पोरींच्या पहिलीच्या पुस्तकांवरून शिकले. आता येतं वाचता.

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. “आम्ही सवलत दिली होती, ताई. मार्चअखेर ती संपते.”

आणि मग? मग चार नंबरच्या घरातल्या अकरा पोरी बाकीच्या घरांत वाटायच्या. वाटायच्या! आणि मला परतीचं तिकीट.

४ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर हात चालले, डोकं नाही. अकरा डब्यांतले दोन रिकामेच शाळेत गेले. वकील – बारा वर्षांची, सगळ्यात थोरली, हे नाव ह्यांनीच ठेवलेलं, कारण ती भिंतीशीसुद्धा वाद घालेल – परत आली आणि म्हणाली, “आई, झाकण मात्र घट्ट लावलं होतंस हो.”

हसवायला म्हणाली. तिला काहीतरी कळलंय.

९ फेब्रुवारी, सोमवार

बहिणीचा फोन. “ये निघून. नऊ वर्षं लोकांची पोरं सांभाळलीस, आता स्वतःचे गुडघे सांभाळ.”

कुणाकडे येऊ? तिच्याच घरात सून आल्यापासून तिची खाट पडवीत गेलीय.

पण खरं कारण ते नाही. इथे तरी खोटं कशाला लिहू? खरं कारण अकरांतली धाकटी. इथे आली तेव्हा दीड वर्षाची होती, आता चार संपतील. आल्यावर सहा महिने तोंडातून शब्द नाही. एक दिवस ह्यांच्या खांद्यावर बसून म्हणाली, “नको.” ह्यांनी ते ‘नको’ घरोघर जाऊन सांगितलं, जसं काही पोरगी परीक्षेत पहिली आली! ते गेल्यावर महिनाभर ती पुन्हा मुकी झाली. आता मीही गेले तर? ती बाकीच्या चार घरांतल्या कुठल्या घरात जाईल तेही मला कुणी कळवणार नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

फाटकापर्यंत चालत गेले. परत आले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन नंबरवाली, म्हणजे त्या घरातली आई, साबण मागायला आली. साबण तिच्याकडे ढीगभर आहे. मोरीपाशी उभं राहून कुजबुजली, “उपाय आहे गं. शाळेचे व्हॅनवाले!”

“काय झालं व्हॅनवाल्यांना?”

“काही नाही झालं, तेच तर म्हणतेय! तीन वर्षं एकटे आहेत. माणूस सरळ. दात सगळे स्वतःचे.”

मला हसू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग इतकी लाज वाटली की चादरी पिळत बसले, पिळलेल्याच पुन्हा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज तेच संचालकबाई म्हणाल्या. “प्रार्थना करा, ताई. ही प्रभूची योजना असू शकेल.”

प्रभूची की तीन नंबरवालीची? – ओठांवर आलं होतं. गिळलं. विचारलं एवढंच, “लग्न केलं तर नियम पुरा होतो ना?” म्हणाल्या, “घराला जोडपं लागतं. तुम्ही जोडपं व्हाल.”

२१ फेब्रुवारी, शनिवार

व्हॅनवाले आले. जेवणघरात पोरींच्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला. नऊ वर्षं पोरींना शाळेत नेणारा माणूस, पण आज नजर वर उचलेना.

“मला सगळं आधीच बोलून दाखवायला सांगितलंय,” म्हणाले. “मी घोरतो. सहसा चिडत नाही. आणि पहिलीला विसरलेलो नाही. पुढेही विसरणार नाही.”

“मीपण ह्यांना विसरणार नाही.”

“मग बरं झालं. भांडणाचं मोठं कारण मिटलं.”

मी विचारलं, तुम्हाला यातून काय मिळणार? म्हणाले, “रोज एकच ताट धुतो. ते धुवायला फार थोडा वेळ लागतो हो.”

तेवढ्यात वकील आत. दाराआडून ऐकत होती, दुसरं काय! “आमच्या बाबांच्या खुर्चीवर बसणार का तुम्ही?”

“नाही. माझी घेऊन येईन.”

“घोरण्याचं काय?”

“त्याला इलाज नाही, वकीलसाहेब.”

ती जरा विचार करून म्हणाली, “चालेल.” जसं काही तिचंच लग्न ठरतंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

ह्यांचे तीन सदरे कपाटातून काढले. घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा ठेवले. विचारलं ह्यांना. तुम्हीच सांगा. तुम्ही तर सुटलात.

असं लिहायला नको होतं. पण खोडणार नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

होय म्हणून आले.

१ मार्च, रविवार

उपासनेनंतर पाळकांनी जाहीर केलं. म्हणाले, “आपल्यातलं हे तरुण जोडपं…” कुणीतरी फिसकलं. मीच होते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतके आनंदी चेहरे, आणि मी मधोमध उभी – वाटलं, दार बाहेरून कुणी लावलं नाही, मीच आतून कडी घालतेय. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. मी आडात उतरतेय, कारण पोरी तिथे आहेत. बस. यापलीकडे विचार करायचा नाही.

व्हॅनवाले वाईट नाहीत. हे बरं की वाईट, तेच कळत नाही. वाईट असते तर रागावता आलं असतं.

८ मार्च, रविवार

धाकटीला ताप. दोन दिवस मांडीवर. व्हॅनवाले औषध घेऊन आले, दारातच देऊन गेले. आत या म्हटलं नाही मी. म्हणायला हवं होतं.

१४ मार्च, शनिवार

झालं.

अकराही पोरी पहिल्या बाकावर, बुटांना पॉलिश, वेण्या ताठ. वकील रडली आणि डोळ्यांत कचरा गेला म्हणाली. धाकटीने शेवटपर्यंत माझ्या निऱ्या सोडल्या नाहीत. शपथ तिच्यासकटच घेतली!

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “आता कुठेच जायचं नाही?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं. छातीठोकपणे म्हटलं.

१६ मार्च, सोमवार

पोरी शाळेत गेल्यावर संचालकबाई फुलं घेऊन आल्या. मनापासून आल्या, उगाच खोटं लिहिणार नाही. “मिशनची रीत आहे, ताई. नव्या जोडप्याला पहिलं वर्ष मुलं द्यायची नाहीत. एकमेकांना वेळ द्या.” इथे आजवर सगळी जोडपी लग्न करूनच आलेली. ही रीत कुणाला ठाऊक असणार!

अकरा गाद्या चार घरांत गेल्यासुद्धा. आम्हाला गॅरेजवरची खोली.

व्हॅनवाल्यांनी मला विचारलं, “म्हणजे आपण दोघंच?”

“दोघंच.”

शाळा तीनला सुटते. आणायला व्हॅन त्यांनाच न्यायची आहे.