पहिले पाच फर्मे

१७ नोव्हेंबर, रविवार

अगं,

मायना काय लिहावा यावरच दोन कागद वाया गेले. पहिल्यावर 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' लिहून झालं आणि लक्षात आलं, असं मी पुठ्ठ्याच्या व्यापाऱ्याला लिहितो. दुसऱ्यावर 'प्रिय' लिहिलं, पण पुढे तुझं नाव घालायला हात धजेना. लग्नाला दोन वर्षं झाली, मी तुला 'अगं'शिवाय दुसरी हाक मारलेली नाही. म्हणून तेच.

इकडे सगळं ठीक. तूही खुशाल असशील. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतो. एक झाड रुसलंय, बाकीची सुखरूप. आईच्या गुडघ्याची सूज बरीच उतरलीय. ती रोज विचारते, "तिचं प्रशिक्षण कधी संपतंय रे?" मी म्हणतो, महिनाअखेर. तू शिकतेयस त्या रुग्णालयाने तुला तिथेच कायमची नोकरी देऊ केली आहे आणि महिनाअखेरपर्यंत तुला उत्तर द्यायचंय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. असो. आज लिहायचं ते वेगळंच.

तुझ्या वाचनालयाच्या वाचक मंडळाने ती जुनी, जाडजूड प्रेमकथा घेतली होती ना, जिच्या सगळ्या प्रती माझ्याकडे नव्याने बांधायला आल्या होत्या? गेल्या रविवारी तिच्यावर चर्चा होती. मुख्याध्यापिका बाईंनी निरोप धाडला, "बायको नाही तर नवऱ्याने यावं. बांधलंय त्याने, तर वाचूही दे." आयुष्यभर पुस्तकं शिवली, पण कादंबरी पहिल्यांदाच पुरी वाचली. आधी कंटाळलो, मग कंटाळायचं विसरलो.

बसचालकाने तोंड उघडलं तेच तक्रारीने. "गाडी पहिल्या गिअरमधून निघेचना! इतकी पानं उलटली तरी दोघं आपली हवापाण्यावरच बोलतायत."

बाई म्हणाल्या, "सुरुवात संथ आहे, कंटाळवाणी नाही. फरक आहे त्यात."

ग्रंथपालांना त्यातला फाटकाचा प्रसंग आवडला होता. नायिकेच्या आजारी वडिलांची झोप मोडू नये म्हणून तो तरुण तिच्या घराचं करकरणारं फाटक गुपचूप दुरुस्त करतो आणि कोणाला पत्ता लागू देत नाही.

"पण सांगायचं ना तिला!" चालक उसळला. "तोंडात मिठाची गुळणी धरून प्रेम कळतं होय?"

मी मान खाली घालून हातातल्या प्रतीची शिलाई तपासत बसलो.

एवढ्यात शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या, "संथ कुठली? मला तर पहिल्या पानापासून खाली ठेववेना. आल्या आल्या तिचं सामान गाडीत चढतंय! फक्त एक समजलं नाही. इतका भला माणूस सोडून ती गेली कशाला?"

"कशाला म्हणजे?" बाई म्हणाल्या. "ती त्याला विचारते, मी मामाकडे कायमची जाऊ का? आणि हा गाढव म्हणतो, तुझी मर्जी!"

"कुठे म्हणतो? माझ्या पुस्तकात नाही."

बाईंनी प्रत ओढून उघडली. पहिलं पान एक्क्याऐंशीवं होतं, तेही अर्ध्या वाक्यापासून. काकू म्हणाल्या, "मला वाटलं, मोठे लेखक असंच सुरू करत असतील." सगळे हसले आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तुला ठाऊक आहे, मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो आणि असे फर्मे एकापुढे एक शिवत जायचे. काकूंच्या प्रतीचे पहिले पाच फर्मे शिवायचेच राहिले होते. ते दुकानात दाबाच्या फळीखाली तसेच पडून होते. एवढी वर्षं हे काम करतोय, अशी चूक कधी झाली नाही.

ती प्रत कोणत्या दिवशी शिवली तेही तिथे बसल्या बसल्या आठवलं. त्या दुपारी तुझा फोन आला होता. तू विचारलंस, "मी इथेच राहू का?" मी म्हणालो, "तुझी मर्जी." तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला वाटलं, काय समजूतदार नवरा आहे मी, जराही आडकाठी केली नाही. मग सुईत दोरा ओवला आणि शिवायला बसलो. शिवणाऱ्याचं लक्ष कुठे होतं, ते आता सगळ्या वाचनालयाला कळलंय.

ग्रंथपालांनी त्या नायकाची बाजू घेतली. "त्याला तिला अडवायचं नव्हतं, बाई."

"अडवूच नये. पण तिने परवानगी कुठे मागितली होती? त्याच्या मनात काय आहे ते विचारलं होतं. मर्जी तिचीच हो, पण याला काही वाटतं की नाही?"

"वाटतं ना!" असं माझ्या तोंडून निघणारच होतं. कोणी मला विचारलंही नव्हतं म्हणा.

काकूंनी ते सुटे फर्मे वाचायला नेले होते. काल प्रतीसकट दुकानात घेऊन आल्या. म्हणाल्या, "शेवट माहीत होता, तरी आत्ता रडले. आणि हे आता नीट शिवून द्या बाबा. माणूस चुकला तीच पानं गाळलीत, तर पुढे तो तिच्यामागे इतक्या लांब धावत का गेला ते कळणार कसं?" सगळी शिलाई उसवली आणि त्यांच्यासमोर पहिल्यापासून शिवून दिली.

तर आता ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे.

मलाही गुपचूप फाटकं दुरुस्त करायची खोड आहे. तुला ती कळली नसतील तर त्यात तुझी काही चूक नाही. चालकाचंच खरं. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. जेवताना मी तुझ्या जागेकडे पाहत नाही. तुझी फार आठवण येते. हे त्या दुपारी म्हणायला हवं होतं.

नोकरी तुला हवी असेल तर जरूर घे. ते काम तुला किती आवडतं ते तुझ्या आवाजात कळतं. पण तू माझं मन विचारलं होतंस, त्याचं उत्तर हे आहे: माझी मर्जी तू असशील तिथे राहायची. सुई, दोरा, खळीचं भांडं, दाबाची फळी, एवढाच तर माझा पसारा. पुस्तकं तिकडेही फाटतच असतील.

एवढं लिहून उठलो आणि आईला सगळं सांगून आलो. ती म्हणाली, "मग मला काय इथे कुलपं राखायला ठेवणार? माझा गुडघा तिथेही चालेल." आत्ता ट्रंक उपसून बसलीये. मी म्हटलं, आधी तिचं उत्तर तर येऊ दे.

आम्ही येऊ नये असं वाटत असेल तर तेही स्पष्ट लिही. मला वाईट वाटेल, पण ते कळलं तर पाहिजे. फक्त उत्तरात 'तुमची मर्जी' एवढंच लिहू नकोस.

खाली सहीसाठीही शब्द सुचत नव्हता. मग ठरवलं, तू ज्या नावाने हाक मारतेस तेच लिहावं. बरेच दिवस कानावर पडलेलं नाही.

तुझा,
अहो