साठ वर्षांचा हक्क

गुरुवार, संध्याकाळ

विचारायला गेलो, हीच माझी चूक. इथल्याच एका मास्तरांच्या मिल-कामगारांवरच्या कथा, त्यांची शेवटची प्रत आमच्या लायब्ररीत. पान उलटलं की कड तुटून हातात येते. गुपचूप छापलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण नाही, आम्हाला रीत पाळायची. प्रत घेऊन राऊ गावाला, मास्तरांच्या नातवाकडे गेलो. तो म्हणाला, "काका, दादाजींची किताब आहे, ऐसे कैसे छापू देऊ?" मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क घरच्यांचा. मास्तरांना जाऊन वीस झाली. हा कागद आणखी चाळीस टिकणार? सोफ्यावर पडलेला कागदाचा चुरा त्याने हाताने झटकला. निघताना म्हणाला, "वैसे काका, त्यात लिहिलंय काय?"

म्हटलं, ते सांगायलाही तुझी परवानगी लागेल.