नळीच्या तोंडाशी

२८ मार्च
उत्तर ध्रुवाजवळच्या लाँगइयरब्येनला पोचले! आमचा वैमानिक ट्रुल्स घ्यायला आला होता. बॅग उचलत म्हणाला, "काय ऑडनी, तुम्ही ट्रोम्सो शहरातली माणसं इथं आठवडाभर टिकता, मग आईला फोन करता!" मुख्य संशोधक ब्योर्गबाईंनी दारातच बूट काढायला लावले आणि गरम वॅफलवर तपकिरी चीज घालून दिलं. दक्षिणेतल्या कारखान्यांचा धूर वसंतात इथवर येतो, काजळी बर्फावर बसते, बर्फ लवकर वितळतो. तो धूर आम्ही विमानातून मोजणार. एक नळी बाहेरची हवा आत ओढते. त्या हवेतली काजळी आणि कार्बन डायऑक्साइड पडद्यावर बघायचं काम माझं. कॉलेजपासून हेच करायचं मनात होतं.

३० मार्च
पहिलं उड्डाण झकास झालं. खाली पिवळट धूर, वर निळं आभाळ. फक्त पार उत्तरेला, अगदी स्वच्छ हवेत, कार्बन डायऑक्साइडची रेघ वरखाली होत राहिली. संथ, एका लयीत. ब्योर्गबाई म्हणाल्या, नवीन यंत्र आहे, रुळेल.

२ एप्रिल
यंत्र खोलून तपासलं. ठणठणीत. तरी रेघ तशीच. शिवाय तिच्याबरोबर हवेतला ओलावाही चढतो, उतरतो. मी बोलूनच टाकलं: हा श्वास आहे. नळीच्या तोंडाशी कुणीतरी श्वास सोडतंय. ट्रुल्स हसला. "तीन हजार मीटरवर? फुप्फुसं माझ्यापेक्षा बरी दिसतात लेकाची!"
ब्योर्गबाई हसल्या नाहीत.

५ एप्रिल
आज ट्रुल्सनं विमान वळवलं, वेग वाढवला. पडद्यावरचा श्वासही वाढला — धापा टाकत, बरोबरीनं. उतरल्यावर मी घरी जाते म्हटलं. ब्योर्गबाईंनी हात धरला. उद्या मोठा धूर येतोय, असा वर्षानुवर्षं येत नाही. तुझ्याशिवाय यंत्र कोण चालवणार, पोरी?
हो म्हणाले. का म्हणाले?

६ एप्रिल, विमानात
धूर मोजून झाला. परतताना पुन्हा तो श्वास. आज फार जवळ —

बाईंनी नळीची झडप बंद करायला सांगितली. केली. रेघ सपाट. सुटलो!

ट्रुल्स हेडफोनमध्ये ओरडतोय, ऑडनी, माईकवर धापा टाकू नकोस.
मी श्वास रोखून बसलेय. बाईंनी आपला माईक काढून दाखवला. धापा तरी ऐकू येतायत —

माझ्या मागची सीट. रिकामी. पट्टा लागलाय. वर होतोय, खाली, वर —