देवमाशाची टोपली

६ ऑक्टोबर २००५, उरायासु, जपान
दिवसभरात एकच वाक्य बोलले — "फुकुरो इरिमासेन." पिशवी नको! तेही कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोरीला. रणजित ऑफिसातून आला, जेवला, आडवा झाला. जूनपासून हे असंच.

१३ ऑक्टोबर
जवळच्या हॉलमध्ये टोपल्या विणायचा वर्ग सुरू झालाय, दर गुरुवारी. गेले. मला वाटलं बांबू असेल — कसला बांबू! शिकवणारे एल्मर-सान अलास्काच्या पार उत्तर टोकाचे, इनुपियाक जमातीचे. सत्तरी ओलांडलेली. जपानी बायकोबरोबर इथे आले, ती गेल्या वर्षी वारली. त्यांच्याकडची टोपली देवमाशाच्या जबड्यातल्या काळ्या पट्ट्यांची. पट्ट्या भिजवायच्या, चिरायच्या, तासून पातळ करायच्या. तळाला वॉलरसच्या सुळ्याची चकती, तिच्या कडेला भोकं — तिथून विणायला सुरुवात. झाकणावर सुळ्यातच कोरलेला छोटा सील.

मी अंडंसुद्धा खात नाही! हात लावताना शहारले. आणि ओल्या पट्टीचा वास — शी!

१४ ऑक्टोबर
चारदा हात धुतले. वास जात नाही.

२० ऑक्टोबर
मला धरून चौघीच. माझी पट्टी तीनदा तुटली. एल्मर-सान इंग्रजीत म्हणाले, "ओढू नकोस. तिला वळायला वेळ दे." मग म्हणाले, "आमच्याकडे हे पुरुषांचं काम. माझे वडील तुला बघून पोट धरून हसले असते!" मीही हसले. किती महिन्यांनी!

२७ ऑक्टोबर
आज मी एकटीच. बाकीच्यांनी सोडलं. एल्मर-सान सुळ्याचा तुकडा कानशीने घासत बसले होते. इनुपियाक बोलायला इथे कोणीच नाही म्हणाले. बायकोच्या फोटोशी बोलतात. "तू बोल तुझ्या भाषेत. मला कळणार नाही, पण ऐकतो."

मी आधी मराठीत काहीबाही बोलले — तूरडाळ कुठे मिळते, कोणत्या वारी कोणता कचरा. आणि एकदम जूनचं बाहेर पडलं. पाचव्या महिन्यात पोटातली मुलगी गेली. डॉक्टर जपानीत सांगत होते, रणजित मला मराठीत. एकेक शब्द नीट! डोळ्यांत टिपूस नाही. सोमवारी ऑफिसला गेला. त्यानंतर तिच्याबद्दल घरात एक अक्षर नाही. त्याला काही वाटलंच नाही, दुसरं काय?

एल्मर-सानांनी माझ्या कपात चहा ओतला. पुढच्या गुरुवारी सुट्टी, हॉल बंद — घरी ये म्हणाले, नवऱ्यालाही आण.

३ नोव्हेंबर
रणजित आला. पट्टी तासायला बसला, चक्क! एल्मर-सानांनी सहज विचारलं, "मुलंबाळं?" मी खाली बघितलं.

रणजित म्हणाला, "एक मुलगी होती. ज्ञानदा."

नाव ठेवलं होतं त्याने. मला आज कळलं.