टाकीवरचा ठिपका

आबा, यंदा पोळ्याला तुमच्या मोटारसायकलवर रंग सांडला, आणि त्यावरून मी भावाशी अशी भांडले की तुम्ही असता तर दोघांनाही कान धरून गोठ्यात उभं केलं असतं. हे शाळेच्या मराठीत लिहिते आहे. तुमच्यासमोर अशी बोलले असते तर तुम्ही हसला असता, "कोन सायेब उना व माय घरमा?" पण आपली बोली कागदावर उतरवायला गेले की माझा हात अडखळतो. तर असंच ऐका.

तुमची पद्धत तुम्हाला काय सांगायची! बैलांची शिंगं रंगवून झाली की तुम्ही गाडी धुवायचात, बैलांच्या रांगेत आणून उभी करायचात आणि डब्यात उरलेल्या रंगाचा एक ठिपका पेट्रोलच्या झाकणामागे बोटाने लावायचात. लोक हसायचे. "हाई बी राबस," तुम्ही म्हणायचात, बैलांसारखी हीसुद्धा राबतेच की, आणि विषय संपायचा. शेवटचा ठिपका लावलात त्याच थंडीत तुम्ही गेलात. गाडी तेव्हापासून ओसरीवर उभी आहे आणि ठिपकाही आहे. आई तिथे कुणाला ओला फडका नेऊ देत नाही. तिला आता नुसत्या आकृत्या दिसतात, म्हणून ती हाताने बघते. पाण्याची कळशी घेऊन जाता जाता तिचं बोट त्या ठिपक्यावर टेकतं आणि ती पुढे जाते. मी दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते, पण सासरचे बैल टाकून पोळ्याला कधी येता आलं नाही. यंदा ते बैल विकले, म्हणून आले. एरवी शेताचा वाटेकरी बैल रंगवतो; या वेळी आईने भावालाही सुरतहून बोलावलं.

भाऊ अंगणात शिंगं रंगवत होता. डबा खाली ठेवला तर कोंबड्या पाय घालतात, म्हणून शहाण्याने तो ओसरीच्या कडेला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीच्या हँडलला अडकवला. तांबड्या बैलाने मान झटकली, शिंग डब्याला लागलं आणि लाल ऑइल पेंट टाकीवर फर्रकन उडाला. एक शिंग लाल, एक कोरं, असा तो बैल थेट केळीत घुसला. आम्ही दोघं त्याच्या मागे. त्याला धरून आणेपर्यंत ऊन ओसरीवर चढलं होतं, टाकी तव्यासारखी तापलेली, आणि रंगावर साय धरून तो घट्ट बसलेला. मोठा डाग तर तुमच्या ठिपक्याला अगदी चिकटून. आत आई खापरावर पुरणपोळ्या टाकत होती. "काय पडनं रे?" तिने विचारलं. भाऊ म्हणाला, "काही नही माय, बादली पडनी."

बैल मिरवायला निघून पोळा फुटायच्या आत गाडी पूजेला लागणार होती. भावाने थिनरची बाटली आणली. "दोन मिनिटमा साफ करस," तो म्हणाला. मी बाटली हिसकावली. थिनरला तुमचा रंग आणि त्याचा रंग वेगळा कळतो का? "आबाना ठिपका जाई, अक्कल शे का तुले?" मी ओरडले. "हळू बोल ना, मायले ऐकू जाई!" तो म्हणाला, आणि घाबरून दाराकडे बघू लागला. मला त्याची कीव आली नाही. मला थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग तुम्ही आठवलात. लहानपणी मडगार्डवरचं डांबर मी दाढीच्या पत्तीने खरवडत होते, तेव्हा तुम्ही विहिरीवरून धावत आलात. "पत्ती नको लावू! गाडीनी चामडी शे ती. तेल लाव, दम धर, मंग नख लाव!" तेव्हा मी रडले होते. आता मी तेच करते आहे. शेंगदाण्याच्या तेलाचा बोळा डागावर दाबून धरते, रंग मऊ झाला की नखाने कड उचलते, पुसते, पुन्हा तेल. हँडल निघालं, टाकीची बाजू निघाली, भाऊ बैलांना झुली घालतो आहे आणि दर वेळी मागे वळून बघतो आहे. शेवटी फक्त तो चिकटलेला डाग राहिला. मी श्वास धरून नख सरकवलं. डाग निघाला, आणि त्याच्यासोबत ठिपकाही अखंड उचलून आला. तळहातावर तो जाड पापुद्रा होता, कडेला लाल, हिरवे, गुलाबी थर. वाटलं, तुम्हीच वर्षानुवर्षं एकावर एक लावत गेलात. फेकवेना. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला, डब्याच्या तळाशी बोट फिरवलं आणि त्याच जागी नवा ठिपका लावला. भावाला म्हटलं, ठिपका वाचला. त्याने देवाला हात जोडले.

आई ताट घेऊन आली. बैलांना कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली, मग गाडीकडे वळली. तिचं बोट झाकणामागे गेलं आणि लाल होऊन परत आलं. तिने अंगठ्यावर ते चोळून पाहिलं.

"ओला शे," ती हळूच म्हणाली. "जुना कोठे गया व?"

"पुसाई गया माय," मी म्हटलं.

"दर पोयाले मी त्यानावरच लावस," ती म्हणाली. "तुन्हा बापना सगळास्ना खाले व्हता." मग तिने कुंकू लावलं आणि आम्हाला जेवायला बसवलं. माझा हात पदराच्या गाठीवर होता. तिथल्या तिथे सोडता आली असती. सोडली नाही.

शेत भावाकडे गेलं, गाडी आईकडे राहिली, आणि मी कधी काही मागितलं नाही, खरंच नको होतं. पण तो पापुद्रा हातात आला आणि मला तो हवासा झाला. तळाशी तुम्ही, वर सगळी आई. शहाद्याला, सासरी, माझ्या टिकल्यांच्या डबीत आहे. पुढच्या वेळी नेऊन देईन असं रोज ठरवते.

काल गेले होते घरी. आईने ओसरी झाडली होती आणि ती उकिडवी बसून केर बोटांनी चाचपत होती. मी विचारलं, "काय धुंडी ऱ्हायनी माय?" ती म्हणाली, "काही नही. सुई पडनी." मीही शेजारी बसले, आबा, आणि तिच्याबरोबर केर चाचपत राहिले. डबी मी मुद्दाम शहाद्याला ठेवून गेले होते.